शिवलेलं शेवटचं प्रकरण

माझ्या हातात पुस्तक आलं की अंगठा आपोआप मागच्या बाजूला जातो. शेवटचं पान आधी. तिथं काय वाईट वाढून ठेवलंय ते एकदा बघून घेतलं की मग मी पहिल्या पानावर येते. घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणारी मी बाई. गॅस बंद केला का, एवढंच बघायला एकदा एसटी स्टँडवरून परत आले होते. अशा माणसानं रहस्यकथा वाचणाऱ्यांच्या नादी लागू नये. पण मी लागले, आणि त्यांनी मला लागू दिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

माझं माहेर महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, भाताच्या मुलखात. रेल्वे, बस, पुन्हा बस असं करत जायला दीड दिवस लागतो. लग्नानंतर नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत काम मिळालं म्हणून इकडे आलो. त्याच्या शिफ्टा. मी खोलीत फॉल-पिकोचं मशीन टाकलं आणि जिन्याखाली पाटी लावली. पहिलं वर्षभर मी फक्त साड्यांशी बोलले म्हटलं तरी चालेल. बोलले की लोक हसायचे. "काय करून राहिल्या?" असं मी दुकानात सहज विचारलं तर दुकानदार म्हणाला, "राहिलोय की वो हितंच, कुठं जानार?" वाईट हेतू नव्हता त्याचा. पण मी नंतर बोटानं दाखवून सामान घ्यायला लागले.

बाई आल्या त्या साड्या घेऊनच. वडगाव निंबाळकरच्या. हायस्कुलात मराठी शिकवतात. तीन साड्यांना फॉल लावायचा होता, घाई होती, म्हणून स्टुलावर बसून राहिल्या आणि पिशवीतून पुस्तक काढून वाचायला लागल्या. खिशात मावेल एवढं, पिवळं पडलेलं. मशीन चालवताना माझं लक्ष त्याच्या मागच्या भागाकडे गेलं. शेवटची दहा-पंधरा पानं कडेनं काळ्या दोऱ्यानं शिवून टाकलेली. पाच टाके. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाची गाठ वेगळी.

"फाटलं होतं का?" मी विचारलं.

"फाटलं नाही. मुद्दाम शिवलंय," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "शेवट कुणी आधी वाचू नये म्हणून."

मला धसकाच बसला. शेवट शिवून टाकायचा?

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्या वस्तीतले शिकून नोकरीला लागलेले ते पहिले. सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन जुन्या बाजारातून एक रहस्यकथा आणायची, हा त्यांचा एकमेव शौक. घरी पेटी भरली. मग पुस्तकं गावभर फिरायला लागली, आणि एकदा एक पुस्तक परत आलं तेव्हा अकराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं : "खून डॉक्टरनं केला आहे." वडील दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाभण घेतलं आणि पेटीतल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवून टाकलं.

वडील गेले. पेटी राहिली आणि वाचणारे राहिले. आता सहाजण होते, म्हणजे पाच, सहावी मी नंतर झाले. एक पुस्तक निवडायचं. एकानं ते आधी अख्खं वाचायचं, शेवटासकट. तो राखणदार. त्यानं तोंडाला कुलूप लावायचं. मग शेवट शिवायचा आणि पुस्तक बाकीच्यांकडे फिरवायचं, प्रत्येकाला दहा दिवस. वाचून झालं की गुन्हेगार कोण ते चिठ्ठीवर लिहून बाईंच्या जुन्या कंपासपेटीत टाकायचं. सगळ्यांचं झालं की एका रविवारी जमायचं, टाके कापायचे, बाईंनी शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायचं, मग चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी बरोबर तो पुढचा राखणदार.

"येशील का?" बाईंनी विचारलं.

"मी नववी अर्ध्यातून सोडली," मी म्हटलं. हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. नंतर कळण्यापेक्षा बरं.

"मग वाचता येत असेल की," बाई म्हणाल्या आणि साड्या घेऊन गेल्या. पुस्तक स्टुलावर ठेवून गेल्या.

असे मला ते लोक मिळाले. टाके घालायचं काम कळसच्या तात्यांकडे. तात्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे जखम शिवायची वाकडी सुई आणि जुन्या रेशमी दोऱ्याची दोन रिळं आहेत. पुस्तक मांडीवर पालथं घेऊन ते असे शिवतात की वाटावं ते आता हंबरेल. वरकुट्याचे भाऊ दूध संकलन केंद्रावर फॅट काढतात. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आणि भाऊ म्हणतात की खुनी हुडकायचं डोकं तिथनंच आलंय, कळपातलं एक मेंढरू कमी असलं की आजा नजरंनं सांगायचा. प्रत्यक्षात भाऊंची चिठ्ठी आजवर एकदाही बरोबर आली नव्हती. आणि इंदापूरचं झेरॉक्सवालं जोडपं, जे एकाच घरात राहून एकमेकांपासून चिठ्ठी लपवतं.

मी हळू वाचते. ओठ हलतात. दहा दिवस मला कधी कधी पुरत नाहीत. पण महिन्या-दोन महिन्यांतून एक रविवार असा यायचा की मी पोचले की कुणीतरी "आल्या का, बसा" म्हणायचं आणि माझ्यासाठी कप आधीच मांडलेला असायचा. आई फोनवर विचारायची, रविवारी काय करून राहिली? मी सांगायचे, "माझी मीटिंग आहे." मीटिंग हा शब्द मी दोनदा उच्चारायचे.

आता जे सांगायचंय ते गेल्या वर्षीचं.

त्या खेपेची कादंबरी एका टुरिंग टॉकीजची होती. जत्रेत तंबू लागलाय, आत सिनेमा चालू आहे, आणि मालक मशीनच्या खोलीत मेलेला सापडतो. खोलीला आतून कडी. संशयित चार : ऑपरेटर, मालकाचा भाऊ, गावचा डॉक्टर आणि तिकीट विकणारी बाई. राखणदार वडगावच्या बाई होत्या. त्यांच्यानंतर तात्यांनी टाके घालून वाचली आणि पुस्तक माझ्याकडे आलं.

ती तिकीटवाली पहिल्या प्रकरणातच माझ्या मनाला लागली. शाळा सुटलेली, लांबच्या मुलखातनं आलेली, तंबूबरोबर फिरणारी. सगळे तिच्याशी बरे वागतात आणि कुणीच तिला काही विचारत नाही. जसजसं पुढं जावं तसतसं सगळं तिच्याकडे बोट दाखवायला लागलं. कडीला गुंडाळलेला धागा तिच्या परकराचा निघाला. मी शिवलेल्या पानांपर्यंत पोचले ती आठव्या दिवशी दुपारी. आणि वीज गेली. मोटार बंद. हातात अर्धी साडी आणि करायला काही नाही.

चिठ्ठी लिहायला बसले. कुणाचं लिहू? तिचं लिहवेना. न लिहावं तर पुरावा तोच सांगत होता. मी उठले, पाणी प्याले, बसले. पुस्तक उजेडाला धरलं. टाके फक्त कडेला होते, वरची बाजू उघडी. पिशवीत डोकावतात तसं मी वरून दोन पानांमध्ये डोकावले. हे तर सगळेच करत असतील, असं मनाला सांगितलं. आत अर्धी ओळ दिसली :

"...ती म्हणाली, होय, मीच..."

पुढचं दुमडीत गेलेलं.

त्या अर्ध्या ओळीनं माझं जे झालं ते सांगता येत नाही. मीच काय? मीच मारलं? मीच दार लावलं? मीच ओरडले? मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. दोनदा खिडकी उघडली, दोनदा लावली. आणि मग मी ब्लेड घेतलं. माझा हात शिवणाऱ्या बाईचा आहे, उसवताना कापडाला ओरखडा जात नाही. पाच टाके पाच मिनिटांत निघाले. खिडकीशी उभी राहून मी ते प्रकरण वाचलं, ओठ न हलवता, आयुष्यात इतक्या भरभर कधी वाचलं नसेल.

शेवट काय ते मी इथं लिहिणार नाही. ती कादंबरी अजून कुणाला तरी वाचायची असेल.

वाचून झाल्यावर आधी बरं वाटलं. मग टेबलावर काळ्या दोऱ्याचे पाच तुकडे दिसले. पुन्हा बांधता येणार नाहीत इतके आखूड. माझ्याकडे काळं रीळ होतं, पिकोचं. तेच घेतलं. तात्यांच्याच भोकांतून, सुटे सुटे, मोजून पाच टाके घातले. काम इतकं साफ झालं की मी क्षणभर खूशसुद्धा झाले. चिठ्ठीवर मी डॉक्टर लिहिला. डॉक्टर नव्हता हे मला माहीत झालं होतं, म्हणूनच लिहिला. निदान फुकटचं राखणदारपण तरी नको. पुस्तक पुढं भाऊंकडे गेलं, तिथून इंदापूरला.

रविवारी बाईंच्या घरी जमलो. तात्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, खिशातनं कात्री काढली आणि थांबले. चष्मा लावला. पुस्तक फिरवून बघितलं.

"गाठी कुठं गेल्या?" ते म्हणाले.

"कसल्या गाठी, तात्या?" भाऊंनी विचारलं.

"माज्या. जनावराला टाका घालताना गाठ कायम वर आन् एका बाजूला घेत्यात. आट दिसांनी कापायची आसती ती. आत घिऊन काय करू? म्हशीच्या अंगात हुडकत बसू?" त्यांनी पुस्तक वर धरलं. "हितं गाठच न्हाय. सगळ्या आत घेतल्यात. ह्ये माजं काम न्हाय."

मला ठाऊकच नव्हतं की मी गाठी आत घेतल्यात. फॉलाची गाठ आत जाते, ती दिसली तर गिऱ्हाईक साडी परत आणतं. हाताची सवय. मी केलंय हे मला त्या क्षणी कळलं, त्यांच्याबरोबरच.

आणि ते? ते आनंदले होते. भाऊंनी तर मांडीवर थाप मारली. "च्यायला, खरीखुरी केस! इतकी वरसं नुसती पुस्तकातली खाल्ली."

झेरॉक्सवाल्या वहिनींनी एक टाका कापायला लावून दोरा मागून घेतला. तात्या म्हणाले, जाळून बघू. रेशीम जळलं की केसावानी वास येतो, सूत जळलं की कागदावानी. एका टोकाला काडी लावली. सगळ्यांची नाकं पुढं.

"कागद!" वहिनी ओरडल्या. "सुती आहे!"

"म्हंजे घरात सुती काळा दोरा आसनारा," तात्या म्हणाले.

"घरात कुनाच्या नसतो वो तात्या? आमच्या बिस्किटाच्या डब्यात बी हाय," भाऊ म्हणाले.

मी पदराखाली हात घेऊन बसले होते. माझी तर्जनी सुईनं टोचून टोचून चाळणी झालेली आहे. कुणी नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं. कुणी बघितलं नाही. वहिनी म्हणाल्या, प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारू. तेव्हा भाऊंनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "ह्यांना सोडा. ह्यांचं म्होरलंच वाचून व्हईना दहा दिसांत, ह्या कुठं शेवट उसवत्यात!"

सगळे हसले. प्रेमानं हसले. मीही हसले. सुटले, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्या तिकीटवालीलाही पहिल्या शंभर पानांत कुणी संशयित धरलं नव्हतं, ती कशाला करेल म्हणून.

बाई गप्प होत्या. तात्यांनी निकाल दिला : केस सुटल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. कुणी कुणावर तोंडानं आरोप करायचा नाही. पंधरा दिवसांनी कळसला, तात्यांच्या घरी. येताना प्रत्येकानं चिठ्ठी आणायची.

ते पंधरा दिवस.

मोबाइलवरच्या ग्रुपवर रोज तर्क. भाऊंनी टाक्यांचा फोटो मोठा करून टाकला, बाण काढून. "दोन टाक्यांमधलं अंतर एकसारखं. गुन्हेगार शांत डोक्याचा हाय." मी मशीनवर बसून ते वाचलं आणि सुई बोटात गेली. शांत डोक्याचा! रोज मी एक मेसेज लिहायचे आणि पुसायचे. एकदा तर "मला तुम्हाला काही सांगायचं आहे" इथपर्यंत गेला आणि वहिनींनी "काहीतरी टाइप करताय?" असं विचारल्यावर मी घाबरून फुलाचं चित्र पाठवलं.

भीती कशाची होती ते मला नीट ठाऊक होतं. त्या लोकांत एकच पाप आहे, आणि मी नेमकं तेच केलं होतं. ते मला शिव्या देणार नाहीत. नुसतं पुढच्या वेळी पुस्तक माझ्याकडे यायचं नाही. कप मांडलेला नसेल. मग पुन्हा साड्या, आणि बोटानं सामान दाखवणं. मी नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "गप्प बस ना. त्यांना काय कळते?" तेच तर. त्यांना कळणार नाही, कारण माझ्याकडे ते बघतच नव्हते. मी गप्प बसले तर कप राहणार होता. पण तो त्या, काहीच न करू शकणाऱ्या बाईचा कप असणार होता.

मधे एकदा बाई साडी घेऊन आल्या. आधीच्या साडीचा फॉल त्यांनी उलटून बोटानं चाचपला. "काम साफ असतं तुझं," म्हणाल्या. माझ्या पायाखालचं पॅडल थांबलं. त्यांनी चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलल्या आणि गेल्या.

कळसला मी एसटीनं गेले. चिठ्ठी ब्लाउजमध्ये होती. तीनदा लिहून तीनदा बदललेली. तात्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, बाजूला दावणीला दोन म्हशी. शेंगदाणे आणि गूळ समोर आलं. कादंबरीच्या चिठ्ठ्या बाजूला काढून रिकामी कंपासपेटी फिरली. माझी चिठ्ठी टाकताना झाकण माझ्या हातून दोनदा निसटलं. भाऊ म्हणाले, "हळू वो, पुरावा हाय त्यो."

बाईंनी चिठ्ठ्या काढल्या.

पहिली झेरॉक्सवाल्या भाऊजींची. "माझ्या पत्नीवर संशय आहे. घरात काळा दोरा तिच्याच ताब्यात असतो."

"अगं बाई!" वहिनी त्यांच्याकडे वळल्या.

दुसरी वहिनींची. "आमचे हे. पुस्तक आमच्याकडे असताना तीन दिवस दुकानात उशिरा गेले."

"त्ये पोट बिघडलं व्हतं!" भाऊजी म्हणाले. तात्यांना ठसका लागला.

तिसरी भाऊंची. "तात्या. आपल्या करमणुकीसाठी स्वतःच केलंय. गाठी कुठं गेल्या म्हणून ओरडणाराच गाठी पळवतो."

चौथी तात्यांची. "डेअरीवाला. ज्यास्त बोलतो."

पाचवी कोरी होती. बाईंनी ती उलटसुलट केली, सगळ्यांना दाखवली. "ही माझी. राखणदारानं बोलायचं नसतं," एवढंच म्हणाल्या आणि शेवटची उघडली.

माझं अक्षर मोठं आहे, शाळेत राहिलं तसंच राहिलेलं. बाईंनी ते वाचायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"टाके फॉल-पिकोवालीनं उसवले आणि तिनंच परत घातले."

भाऊंनी पुढं वाकून चिठ्ठी बघितली.

"अक्षर तर ह्यांचंच हाय," भाऊ हळूच म्हणाले.

मग मी बोलले. बसून बोलवेना म्हणून उभी राहिले. काय क्रमानं बोलले ते आठवत नाही. वीज गेली होती, अर्धी ओळ दिसली, पिकोचं रीळ, डॉक्टर मुद्दाम लिहिला. आणि मग जे सांगायचं ठरवलं नव्हतं तेही आलं. नववीत आमचे गुरुजी शेवटच्या तासाला एक गोष्ट वाचून दाखवायचे, रोज थोडी. एका माणसाला कुणीतरी विहिरीत ढकललेलं असतं. कुणी ढकललं ते उद्या, असं गुरुजी म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी बाबांनी सांगितलं, उद्यापासून शाळा नाही, भाताच्या रोवणीला हात कमी आहेत. ती गोष्ट कुठल्या पुस्तकातली ते ठाऊक नाही. बरोबरीच्या मुलींना विचारलं, कुणाला आठवत नाही. "तवापासून मला थांबवत नाही," मी म्हटलं. "शेवट आहे आणि तो मला दिसून नाही राहिला, हे सहनच होत नाही. तुम्ही मला इतकं चांगलं वागवलं आणि मी असं करून बसले." मी पर्स उचलली. जावं असं खरंच वाटत होतं. बारामतीची एसटी कधी आहे हे मी आल्या आल्या विचारून ठेवलं होतं.

मग तात्यांनी घसा खाकरला.

"त्या हिरीला कठडा व्हता का?"

"काय?"

"हिरीला. कठडा आसंल तर ढकलनारा दणकट पायजे. न्हायतर कुनीबी ढकलंल."

"तात्या, त्या रडत्यात," भाऊ म्हणाले, आणि लगेच माझ्याकडे वळून, "पर व्हता का?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

"मग आता आमी झोपायचं कसं?" भाऊ म्हणाले, आणि वहिनींना हसू फुटलं. मी पर्स धरून तशीच उभी.

तात्यांनी कंपासपेटीवर बोट आपटलं. "बसा खाली. यस्टीला येळ हाय. आता ह्याचं बोला. साच्या सा चिठ्ठ्यांत बरोबर कुनाची?"

कुणाला पटकन कळलं नाही.

"हिचीच की. केस सोडवली कुनी? हिनं. बरोबर चिठ्ठीवाला म्होरला राखनदार. नियम माजा न्हाय, बाईंच्या वडलांचा हाय."

"आवो तात्या," भाऊ ओरडले, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?"

"मग तू लिहायचं व्हतंस तिचं नाव. तू माजं लिवलंस."

"तुमी बी माजंच लिवलंय की!"

"त्ये आजूनबी बदलनार न्हाय मी."

भाऊजींचं म्हणणं पडलं की शिक्षा काहीतरी हवीच. चर्चा झाली. खरोखर गंभीरपणे झाली, शेंगदाण्यांची ताटली रिकामी होईपर्यंत. शेवटी ठरलं की पुढच्या पुस्तकाचं राखणदारपण मला, आणि टाकेसुद्धा मीच घालायचे. भाऊ म्हणाले, राखणदारपण ही शिक्षा कशी? बाई पहिल्यांदा हसल्या. "तू झाला नाहीस अजून, म्हणून विचारतोस. शेवट माहीत असताना दोन महिने गप्प बसून बघ."

मग उरलेले टाके कापले आणि बाईंनी प्रकरण वाचलं. मला ठाऊक होतं सगळं. तरी ती ओळ आली, "ती म्हणाली, होय, मीच", तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खिडकीशी उभी राहून मी नुसता निकाल वाचला होता. ती तसं का म्हणते, कुणाकडे बघून म्हणते, हे मी त्या दुपारी पाहिलंच नव्हतं. भाऊंच्या तोंडातला शेंगदाणा चावायचा राहिला होता. कादंबरीच्या चिठ्ठ्यांत बरोबर एकही निघाली नाही.

निघताना तात्यांनी वाकडी सुई कागदात गुंडाळून दिली. "शिवन तुजी आमच्यापरीस साफ हाय. पर गाठ वर घ्यायची. दिसली पायजे गाठ."

एसटीची वाट बघत बाई आणि मी उभ्या होतो. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. फॉलाची गाठ तू आत घेतेस. माझ्या सगळ्या साड्यांना तशीच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चिठ्ठी तुझी होती," त्या म्हणाल्या. आणि मग, "गाडी आली बघ."

नवं पुस्तक मी पाच दिवसांत वाचलं, सगळं, शेवटासकट, पहिल्या पानापासून सुरू करून. अंगठा मागं जात होता. मी तो दोनदा आवरला, तिसऱ्यांदा जाऊ दिला. मला परवानगी होती. शिवायला बसले तर वाकडी सुई हाताला येईना, तिला आपल्या सुईसारखं ढकलता येत नाही, मनगट फिरवावं लागतं. पहिला टाका तीनदा घातला. मधेच फोन वाजला. भाऊ होते.

"काय वो, शिवलं का?"

"शिवून राहिली."

"राहा, राहा. निस्तं एवडंच सांगा, त्यो म्हातारा नोकर वाचतो का? एवडंच. कुनाला सांगत न्हाय."

काय सांगू? सगळं माझ्या ओठाशी आलं होतं. भाऊ बिचारे तिकडे तळमळत होते, आणि मला ते तळमळणं किती ठाऊक आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"दहा दिवस थांबा," मी म्हटलं.

"लई वंगाळ झालाय तुमी," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच टाके. गाठी वर, सगळ्या एका बाजूला. पुस्तक पिशवीत घातलं, तात्यांना द्यायला निघाले. जिना उतरले, परत वर गेले, कुलूप ओढून बघितलं. मग तिथंच पायरीवर बसून पिशवी उघडली आणि गाठी मोजल्या. पाच होत्या. उतरताना पुन्हा एकदा मोजल्या.